ट्रामतात्यांचा रहिवास

बैलगाडीला थांबे असतात, हे मला कुरुळीत येईपर्यंत ठाऊक नव्हतं. इतर गावांतल्या गाड्या हात केला की थांबतात, आणि गाडीवान खाली उतरून तुमच्याबरोबर तंबाखूही मळतो. तात्यांची गाडी मात्र चारच ठिकाणी थांबायची: मारुतीचं देऊळ, पाटलाची विहीर, ओढ्याचा उतार आणि चाकणचा बाजार. गाडीला पितळी घंटा बांधलेली. तात्या ती दोनदा वाजवायचे, "आगे बढो!" असं बैलांना सांगायचे आणि निघायचे. मग देवळापुढे दहा पावलांवर साक्षात मारुतीने हात केला असता तरी गाडी थांबली नसती.

"गाडी कुनाची वाट बगत न्हाई, बाई. वाट मानसानं बगायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य मी पहिल्याच आठवड्यात ऐकलं. तेही लांबून, कारण गाडी पुढे गेली होती आणि माझी एक चप्पल तिच्यात होती.

मी गावच्या शाळेत नवी बाई म्हणून आले होते आणि तात्यांच्या थोरल्या भावाच्या घरी पुढच्या खोलीत राहत होते. म्हणजे तशी मी घरचीच. पण गाडीत घरचं-बाहेरचं असं काही नसे. त्यांची भावजय कडूबाई वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन विहिरीकडे पळत यायची. तात्या तिच्याकडे शांतपणे बघायचे, घंटा वाजवायचे आणि जायचे. रात्री तिच्याच हातची भाकरी खायचे. त्या वेळी ती जे बोलायची ते मला इथे लिहिता येणार नाही.

उमेदीची सगळी वर्षं तात्यांनी कराचीत ट्रामचे कंडक्टर म्हणून काढली होती. पोरवयात मामाबरोबर बोटीने गेले, तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. पुढे मधे सरहद्द आली. बाकीची मराठी माणसं निघाली, तात्या राहिले. का राहिलात, असं विचारलं की म्हणायचे, "ट्राम चालू व्हती की! चालत्या गाडीतनं उतरायचं आसतं व्हय?" लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ आजारी असल्याचं कळलं तेव्हा मात्र उतरले. भाऊ बरा झाला, पण तात्या आले होते पाकिस्तानच्या पासपोर्टवर.

जन्म कुरुळीचा, बोली कुरुळीची आणि माणूस परदेशी! इथले नागरिक व्हायचं तर निदान सहा महिने सलग इथेच राहिल्याचा पुरावा हवा होता. तो नसला तर राहण्याच्या परवान्याची मुदत संपताच पुन्हा सरहद्दीपलीकडे. तात्यांच्या नावावर ना जमीन, ना घर, ना रेशनकार्ड. झोपायचे ते गोठ्याशेजारी. अर्ज गेल्या दिवसापासून कडूबाईने देव पाण्यात ठेवले होते.

चौकशीला मामलेदार कचेरीतून रावसाहेब आले ते नेमके बाजाराच्या दिवशी. चाकणचं काम उरकून छत्री घेऊन पायीच कुरुळीला निघाले होते. आमची गाडी मागून आली तशी त्यांनी छत्री हलवली.

"तात्या, कुणी साहेब दिसतायत," मी म्हणाले.

"दिसू द्या. स्टाप फुडं हाय."

"अहो, चौकशीचे साहेब असतील!"

तात्यांनी एकदा वळून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला, हे मी शपथेवर सांगेन. पण बैल काही आवरले नाहीत. "तर मग त्यांनी पळावं," एवढंच म्हणाले.

साहेब पळाले. ओढ्याच्या उतारावर गाडी नेहमीइतकीच थांबली. साहेब हाकेच्या अंतरावर आले आणि घंटा झाली.

चावडीवर ते पोचले तेव्हा घामाने आणि धुळीने त्यांचा कोट ओळखू येत नव्हता. इकडे पोलीस पाटलांनी साक्षीदारांना आधीच पढवून ठेवलं होतं. पहिला म्हणाला, "तात्या म्हंजी देवमानूस. कायम गावातच आसत्यात." दुसराही अक्षरशः तेच म्हणाला. तिसऱ्याने तोंड उघडताच रावसाहेबांनी लेखणी खाली ठेवली.

"पाटील, ही कविता आणखी किती जणांना पाठ आहे?"

पाटलांनी तिसऱ्याला मागे ओढलं. तात्या खांबाशी मान खाली घालून उभे होते. आता हा माणूस गेला, असं मला वाटलं.

"तुमच्या या देवमाणसानं आज मला रस्त्यावर टाकलं," रावसाहेब म्हणाले.

झालं! कडूबाईचा बांध फुटला. "तुमाला आज टाकलं, सायेब! मला इचारा की! नागपंचमीच्या बाजारी टाकलं, डोईवर पाटी व्हती!"

"पोळ्याला मला," सोपाना न्हावी ओरडला. "गोंडं आनायची ऱ्हायली, माजं बैल तसंच मिरवलं!"

"दिवाळीत आमच्या म्हातारीला!"

"संक्रांतीच्या बाजारी मला. आन् त्याच्या म्होरल्या बाजारी बी मलाच!"

चावडी पेटली. देवमाणूस राहिला बाजूला. कुणाला कधी टाकलं यावरून लोक आपापसात भांडू लागले. मीही उठले आणि चपलेचं सांगून टाकलं.

रावसाहेबांनी लेखणी पुन्हा उचलली. लिहिता लिहिता त्यांची मिशी हलू लागली. श्रावणापासून शिमग्यापर्यंत तात्यांनी कुणाला ना कुणाला टाकलं नाही असा बाजार नव्हता.

"इतक्या लोकांना इतक्या वेळा टाकून जायचं," ते म्हणाले, "म्हणजे माणसाला गाव सोडायला सवड कुठली?"

पुढे तात्यांनी पुण्याला जाऊन शपथ घेतली, दाखला घेतला. परतले तेव्हा वेशीपासून हलगी लागली. पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. कडूबाईने ओवाळलं, ओवाळता ओवाळता शिव्याही दिल्या. एखाद्या नवरदेवालाही कुरुळीने असं नाचवलं नसेल. तात्या खांद्यावरून सगळ्यांना सलाम करत होते.

दिवेलागणीला मी गोठ्याकडे गेले. तात्या बैलांना वैरण घालून एकटेच बसले होते.

"तात्या, जिंकलात की!"

"जिकलो, बाई." त्यांनी उरलेली वैरण बैलापुढे सरकवली. मग म्हणाले, "हितं सा म्हैनं ऱ्हायलो, तर सायेब आलं, समदं गाव हुबं ऱ्हायलं. तितं उमर ग्येली. आज पुन्याच्या सायबानं त्यो पासपोर्ट मागून घेतला आन् कपाटात टाकला. म्या तितं ऱ्हात व्हतो का, ह्ये आता कुनी इचारायचं न्हाई."

या माणसाचा मला आजवर राग आला होता, हसू आलं होतं. माया आज आली. मी एक पाटी उपडी घातली, तिच्यावर बसले आणि रावसाहेबांचा आवाज काढला.

"इसमाने सांगावे. कराचीतला पत्ता?"

तात्या दचकले. मग उठून उभे राहिले, टोपी नीट केली.

"रनछोड लाइन, सायेब. मराठ्यांची चाळ."

"साक्षीदार?"

"करीमबक्ष डायवर."

"तो तुम्हाला कसा ओळखतो?"

"रोज म्होरं त्यो, मागं मी. म्या घंटी दिली की त्यो गाडी सोडायचा. मागं वळून कंदी बघितलं न्हाई, येवढा इस्वास." तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. "म्या निगालो त्या दिशी मातुर वळला, सायेब. घंटी दुसऱ्यानं दिली. त्यो वळूनच बसला."

"रहिवास शाबीत," मी म्हणाले. तो आवाज आता रावसाहेबांचा राहिला नव्हता.

"शाबीत," तात्या म्हणाले, आणि एवढ्या मिरवणुकीत हसत राहिलेला तो माणूस पोटभर रडला.