घाण काढायची, लोखंड नाय

गजानन विशे हा माणूस स्वतःचे दात दिवसातून एकदा घासतो आणि आपल्या वेजचं तोंड प्रत्येक फटक्यानंतर. वेज म्हणजे गोल्फची तिरप्या तोंडाची स्टिक, जवळून चेंडू उंच उचलून झेंड्यापाशी टाकायची. तिच्या तोंडावर आडव्या, बारीक खाचा असतात. खाचा स्वच्छ असल्या की चेंडूला पकड मिळते आणि तो पडल्या जागी थांबतो. त्यांत माती-गवत भरलं की तोच चेंडू साबणाच्या वडीसारखा घसरत पलीकडच्या झाडीत जातो. एवढंच शास्त्र. पण एवढ्याशा शास्त्रापायी गजाभाऊंनी माझा जो घात केला, तो मी वर्षभर उराशी धरून बसलो होतो.

आमच्याकडे गोल्फ आला तो रस्त्यामुळे. शहापूर-मुरबाड रस्त्यापासून आत एका रिसॉर्टने नऊ होलांचं मैदान केलं. त्यांच्या गाड्यांना गावातली वाट हवी होती. गावातर्फे बोलायला मी गेलो. मी मुरबाडच्या बाजारात भेंडीच्या पाट्या उचलून वर आलेला माणूस, आज माझं हार्डवेअरचं दुकान आहे. समोरच्याला घाम फुटल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही. वाट देतो, पण गावातली चार माणसं तुमच्या मैदानावर खेळणार, असा सौदा करूनच उठलो. त्यातल्या दोघांनी आठवड्याभरात स्टिका टाकल्या. उरलो मी आणि गजाभाऊ.

गजाभाऊ म्हणजे बसचे निवृत्त तिकीट तपासनीस. त्यांची थोरली बहीण, आक्का, एकदा मुरबाडच्या बाजारातून पिशवीत कोंबडी घालून बसमध्ये चढली. गजाभाऊंनी तिलाही दंड लावला. "नियमात कोंबडी फुकट नाय, आक्का." आक्काने मुकाट दंड भरला. संध्याकाळी कोंबडीचं कालवण सगळ्या आळीला वाटलं आणि भावाच्या ताटात मीठ-भाकरी ठेवली. आई लवकर गेल्यावर याच आक्काने त्यांना वाढवलं होतं. आजही त्या घरात ही दोघंच.

अशा माणसाच्या हातात गोल्फच्या नियमांचं पुस्तक पडलं. त्यात खाचांचा नियम आहे. खाच किती रुंद, किती खोल, तिची कड किती धारदार, सगळ्याला मर्यादा. घाण हवी तितकी काढा. वापरून खाचा झिजल्या तरी चालतील. पण कोरून कड मर्यादेपलीकडे गेली आणि त्या स्टिकने फटका मारला, की खेळाडू बाद. गजाभाऊंना दुसरी बसच मिळाली! कमरेला जुना टूथब्रश, खिशात बांबूची काडी, पिशवीत पाण्याची बाटली. फटका मारला की तिथेच उकिडवे बसून खाच न् खाच घासायची, मग डोळे मिटून तिच्यावरून नख फिरवायचं. मागचे लोक खोळंबून बोंबलू दे.

दुसऱ्यांच्या स्टिकाही सुटायच्या नाहीत. मुंबईच्या एका डॉक्टरांना ते म्हणाले, "सायब, जरा तोंड बघू." डॉक्टरांनी आधी रुमालाने स्वतःचे ओठ पुसले.

त्यांची वेज झिजून पार गुळगुळीत झाली होती. खाचा कोरायचं एक हत्यार मिळतं, ते मी घासाघीस करून आणलं. "फिरवा, नव्यासारखी होईल." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी शर्टाचे खिसे चाचपले.

"घाण काढायची, लोखंड नाय."

"अहो, मर्यादेत राहून कोरता येतं. पुस्तकातच आहे."

"मर्यादा कुठं संपली ते तुला कळंल का, सुदाम? तू सौद्यात तरी कधी थांबलास?"

आता घाताचं सांगतो. गेल्या वर्षी दसऱ्याआधी जोड्यांची स्पर्धा होती. एक चेंडू, दोघांनी आळीपाळीने मारायचा. जिंकणाऱ्यांना कप मिळतो आणि त्यांची नावं क्लबात सोनेरी अक्षरांत फळीवर चढतात. त्या फळीवर आमच्याकडचं एकही नाव नव्हतं. मी सभासद झालो त्या दिवशी एका गृहस्थाने मला विचारलं होतं, "टाइल्स उतरवायला आलात का?" त्या फळीवर त्याचं नाव होतं. त्याच्या खाली मला माझं हवं होतं.

अंतिम सामना शेवटच्या होलापर्यंत बरोबरीत आला. माझा फटका चुकला, चेंडू वाळूच्या खड्ड्यामागे उंच गवतात गेला. पाळी गजाभाऊंची. त्या दिवशी तोवर त्यांना वेज काढावीच लागली नव्हती. त्यांनी मारली. चेंडू उडाला, झेंड्यापलीकडे पडला आणि कुणी दोरीने ओढावा तसा मागे येऊन होलापासून वीतभर थांबला. टाळ्या पडल्या. टाइल्सवाला गृहस्थसुद्धा "वाहवा" म्हणाला. उरला होता तो फटका माझा, आणि तो मी झोपेतही चुकवला नसता.

गजाभाऊ सवयीने उकिडवे बसले. ब्रश फिरला आणि अडकला. खाचेत चेंडूचं पांढरं साल सोलून आलं होतं. त्यांनी नख फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"सुदाम, लोखंड गेलंय."

"कसलं लोखंड?"

"कड बघ. ही कानस…" ते मध्येच थांबले.

"असू दे. पुसा आन गप उठा."

"मी फटका मारला हिनं."

"बघितलं कुणी?"

"मी."

आणि बस थांबवतात तसा त्यांनी हात वर केला. पंच आले. त्यांनी वेज उन्हात धरली, मोजली. खाचा मर्यादेच्या पार बाहेर. "कोणी केलं हे?" पंचांनी विचारलं. "स्टिक माजी," एवढंच गजाभाऊ म्हणाले. आम्ही दोघेही बाद. वीतभरावरचा चेंडू मी स्वतः उचलला.

गाडीपाशी मी त्यांना नाही नाही ते बोललो. माझं हत्यार नको म्हणालात आणि चोरून कानस मारलीत, असंही बोललो. ते वेज फडक्यात गुंडाळत राहिले. मी वर्षभर अबोला धरला.

यंदा स्पर्धा जवळ आली. दुसरा जोडीदार शोधला, मिळाला नाही. तेव्हा नवी कोरी वेज घेतली आणि प्लास्टिकसकट त्यांच्या घरी निघालो. हीच वापरायची, कुलपात ठेवायची, आणि गेल्या वर्षी काय केलंत ते माझ्या तोंडावर कबूल करायचं. वाटेत गाडीत मी ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहिली होती.

ओटीवर आक्का बसली होती. भिंतीवर भात कापायचे दाताचे विळे टांगलेले, गंजून तांबडे झालेले. आता त्यांचं भात मशीन कापतं. आक्काच्या पायाखाली मात्र गजाभाऊंची वेज दाबलेली होती आणि हातात विळ्याचे दात काढायची तिकोनी कानस. ती एकेका खाचेतून कानस ओढत होती. वेजची पार किसणी झाली होती.

"ये रे सुदाम, टेक. याची काठी झाली का चाय ठेवते." तिने मान वर केली नाही. "इळे तर कोन मागत नाय आता. घरातून कामाला जातं ते येवढंच. गेल्या साली चेंडू थांबत नाय म्हनून कुरकुरत व्हता हा. सकाळी याच्या आधी उठून दिली मारून. मंग जिकलाव का नाय?"

मी वर पाहिलं. दारात, तिच्या पाठीमागे, टूथब्रश घेऊन गजाभाऊ उभे होते. विनातिकीट सापडलेल्या उतारूचा चेहरा मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर पाहिला.

"कप तुज्याकडं हाय म्हनं," आक्का म्हणाली. "गजा म्हनला, सुदामनं मागून घेतला. तू कसला सोडतोस!"

मी गजाभाऊंकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"हाय, आक्का," मी म्हणालो. "दुकानात ठेवलाय. समोरच."

"मंग येकदा आन. हात लावून बघंन."

"आनतो."

"ती नवी का? दे हिकडं. कोरी कवा चालते व्हय?"

मी वेज मागे घेतली. गजाभाऊ पुढे आले आणि माझ्या कानाशी पुटपुटले, "खेळायची दुसरी बघू. ती तुज्या दुकानात ठेव, हिकडं आनू नको." मग माझ्या हातातून वेज घेऊन त्यांनी प्लास्टिक फाडलं, तोंड उजेडाकडे केलं, डोळे मिटून खाचांवरून एकदा नख फिरवलं. आणि ती आक्काच्या पायाखाली नीट बसवून दिली.

"मार, आक्का."

ते तिच्या शेजारी उकिडवे बसले. ती एक खाच ओढायची, आणि ते ब्रशने लोखंडाचा कीस हळूच झाडून घ्यायचे. मी चहाची वाट पाहत ओटीवर टेकलो आणि कप कुठून आणायचा याचा विचार करू लागलो.