पर्यायी धावपट्टी

बसची दोन तिकिटं रद्द करायला मला जेमतेम अर्धं मिनिट लागलं. आयुष्यात इतक्या झटपट मी दुसरं काहीही केलेलं नाही.

सासऱ्यांचं तिसऱ्या दिवशी सकाळी पोटाचं ऑपरेशन होतं. वय अठ्ठ्याहत्तर, हृदय आधीच कुरकुरणारं. डॉक्टरांनी "होईल सगळं ठीक" हे जरा जास्तच वेळा सांगितलं होतं. बायकोला त्याआधी एकदा त्यांना भेटायचं होतं, आणि भेटीची वेळ आदल्या संध्याकाळी सातला संपत होती. बस सकाळी सातची, प्रवास आठ तासांचा.

"विमानाने दीड तास," मी म्हणालो. (मी विमा कचेरीत कारकून आहे, पण छोटं विमान चालवायचं लायसन्स आहे माझ्याकडे. कचेरीतलं कुणी माझा विमा उतरवायला तयार नाही, ही गोष्ट वेगळी.)

"आणि हवा बिघडली तर?"

मी कागद पुढे केले. ढग खाली आले तर वाटेतल्या धावपट्टीवर उतरायचं. तिथेही बिघडली तर मागे फिरायचं. मागेही बिघडली तर डावीकडे आणखी एक धावपट्टी. चार पानं, तीन रंगांची शाई.

तिने चारही पानं वाचली. "अहो, यात बाबा कुठे आहेत?"

"हे काय, वर उजव्या कोपऱ्यात. बाण आहे तिथे."

ती हसली नाही.

सकाळी फ्लाइंग क्लबच्या छपरावर ढग ठाण मांडून बसले होते. हवामानखातं म्हणालं, नऊनंतर सुधारणा. मग म्हणालं, अकरानंतर. बायको प्लास्टिकच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसून होती आणि मी दर दहा मिनिटांनी बाहेर जाऊन आकाशाकडे बघून येत होतो, जणू माझ्या बघण्याने ते लाजून बाजूला होणार होतं. सातची बस केव्हाच गेली होती. दीड वाजता ढग थोडे वर सरकले आणि आम्ही निघालो.

चाळीस मिनिटांनी डोंगर आले. म्हणजे नकाशावर आले, समोर नुसता राखाडी पडदा. माझी जाम तंतरली.

"काय झालं?"

"पुढे जाता येणार नाही. प्लॅन बी."

"वळा मग," ती म्हणाली आणि माझी बाही घट्ट धरली. मी वळलो. त्या दिवसातला तो माझा एकमेव शहाणपणाचा निर्णय. त्याचा अभिमान विमान उतरेपर्यंत टिकला.

वाटेतल्या त्या धावपट्टीची लांबी, रुंदी, दिशा सगळं माझ्या कागदावर होतं. रस्ता आहे का, हे मी पाहिलंच नव्हतं. एक शेड, एक कुंपण, एक वॉचमन.

"टॅक्सी कुठे मिळेल?"

"इथे कुणी उतरतच नाही साहेब."

"बस तरी?"

"बस आहे की. उद्या."

शेवटी वॉचमनचा मेहुणा सिमेंटचा टेम्पो घेऊन शहराकडे निघाला होता, तो सापडला. पुढे एकच जागा होती. मी म्हणालो, मागे पोत्यांवर बसतो. पण वारा वाढत होता, विमान बांधायच्या खुंट्या कुणीतरी उपटून नेल्या होत्या, आणि क्लबचं विमान असं वाऱ्यावर सोडता येत नाही. बायको घड्याळाकडे बघत टेम्पोत चढली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सातला दहा कमी असताना फोन आला. "पोचले. दहा मिनिटं मिळतायत." मागे नर्स घाई करत होती. "बाबा विचारतायत, जावई कुठेयत?"

"काय सांगणार आहेस?"

"खरं तेच," म्हणून तिने फोन ठेवला.

रात्र मी विमानात कुडकुडत काढली. ते गेले तर ती मला कधी माफ करेल का, एवढाच हिशेब डोक्यात. सकाळी अकराला पुन्हा फोन.

"झालं ऑपरेशन. शुद्धीवर आलेत, बरे आहेत."

मी चाकाशी बसून चक्क रडलो. मग डोळे पुसले, वर पाहिलं. "अगं, आकाश एकदम स्वच्छ झालंय! तासाभरात पोचतो भेटायला!"

"अजिबात येऊ नका," ती म्हणाली. "काल तुमची हकीकत ऐकून बाबा दहाही मिनिटं हसत होते. आता पोटाला बावीस टाके आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय, आठ दिवस जावयाला खोलीत सोडायचं नाही."