मधली केबिन

आमचे घरमालक, माणचे भिकूतात्या, यांना नुसतं "हो" चालत नाही. "पाणी सोडलंय, नळ बंद ठेव," असं ते जिन्यातून ओरडले, की भाडेकरूने तेच वाक्य परत म्हणायचं. एक शब्द गाळला तरी तात्या वर चढून येतात. "परत बोल. निम्म्या निरोपावर गाडी सोडतुयास व्हय?"

तात्यांचा जन्म रेल्वेच्या केबिनमध्ये गेला. शेजारच्या केबिनचा निरोप जसाच्या तसा परत म्हणायचा, मगच सिग्नलचा दांडा ओढायचा. या सवयीपायी बिहारचा एक भाडेकरू अस्सल माणची मराठी शिकला आणि वैतागून खोली सोडून गेला.

मग माणला मेट्रो आली. हिच्या गाड्या रेडिओवरून सतत आपली जागा कळवतात आणि पुढची गाडी किती लांब आहे त्यावर वेग ठरवतात. दांडे नाहीत, केबिन नाही. ही यंत्रणा बसवणाऱ्यांत तात्यांचा मुलगा दत्ता होता. माझं रक्त तापलं. 'यंत्र माणसाला हाकलतं' असं पत्रक लिहून मी पहिली सही तात्यांची मागितली.

"न्हाई करायचो," तात्या म्हणाले. "डोळा लागंल म्हणून जल्मभर धास्तावलोय मी. यंत्राला झोप येत न्हाई. लई चांगलं काम करतंय पोरगं."

"मग हे दत्ताला सांगा ना."

तात्यांनी पत्रक माझ्या हातात परत कोंबलं. या नोकरीला लागल्यावर दत्ता जेवताना म्हणाला होता, "तात्या, तुमचे दांडे आता भंगारात." तात्या ताटावरून उठले ते बोलणंच बंद. दत्ताची आई, आमच्या काकू, होत्या तोवर निरोप चालत. "त्याला म्हणावं, छत्री ने." "त्यांना म्हणावं, मी काय कुक्कुलं बाळ हाय?" काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून दोन्हीकडचं पोचवायच्या, टोमण्यांसकट. पावसाळ्यात त्या गेल्या. "मधली केबिन बंद पडली," एवढंच तात्या म्हणाले.

परवा दत्ता नव्या कामावर चेन्नईला गेला. संध्याकाळी तात्या माझ्या दारात आले.

"तुझ्या फोनवरनं दत्त्याला इचार, पोचला का. माझं नाव काढू नको."

मी फोन लावला. "पोचलो," दत्ता म्हणाला. मग त्याने विचारलं, "तात्यांनी विचारायला सांगितलं का?"

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी घाईघाईने हात हलवला, नाव नको.

"नाही," मी म्हणालो. "मीच विचारलं."

"बरं." त्याने फोन ठेवला.

"काय म्हणला?"

"पोचला. तुम्ही विचारायला सांगितलं का, म्हणत होता."

"सोताहून?"

"हो."

"आन् तू?"

"नाही म्हणालो."

तात्या पायरीवर बसले. बराच वेळ चपलेचा अंगठा चाचपत राहिले.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "निरोप सांगितला तसाच दिलास."