उंटाची हद्द

चष्मेवाल्या जावयाने अकरा वर्षांत पहिल्यांदाच सासऱ्यांवर बुद्धिबळात मात केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे पट आणि वही घेऊन त्याच्या दुकानात हजर झाले.

"डाव पुन्हा मांडा. मी हरलो कुठे, ते पाहायचंय."

सासरे जमीन मोजणीतून निवृत्त झालेले. हयात लोकांच्या बांधांचे वाद मिटवण्यात गेलेली, त्यामुळे खेळातलीही प्रत्येक चाल वहीत, शाईने. जावयाला नाही म्हणवेना. विजयाची बातमी तोवर अख्ख्या गल्लीत झाली होती. नुसती चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला आलेल्या एका बाईंनाही त्याने ती सविस्तर ऐकवली होती.

तेरा चाली सुरळीत गेल्या. चौदाव्या चालीला सासऱ्यांनी आपला उंट ठेवला. त्यांचं बोट तिरकं सरकत जावयाच्या राजापाशी थांबलं.

"हा शह आहे."

"कुठाय?"

"जावईबापू, चष्म्याचं दुकान तुमचं, आणि विचारताय मला?"

शह होताच. पुढच्या सहा चाली राजा त्यात निवांत उभा होता आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

"म्हणजे डाव रद्द," म्हणत सासऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. जावयाने दाराबाहेर पाहिलं. आता गल्लीला काय तोंड दाखवायचं?

काउंटरवर काचा पुसणारी बायको म्हणाली, "बाबा, हा उंट काळ्या घरातला ना? पांढऱ्यात कधी आला?"

वही उलटीसुलटी चाळून झाली. नवव्या चालीला उंट काळ्या घरात होता.

"काल खेळताना तुम्ही रुमालाने पुसत होतात त्याला," लेक म्हणाली. "मोजणीचं यंत्र पुसायचात तसं. ठेवताना शेजारच्या घरात ठेवलात. सरळसरळ अतिक्रमण."

सासऱ्यांनी उंट पटावरून उचलला. बेकायदा उंटाचा शह बेकायदा. वहीत 'जावई विजयी' कायम झालं आणि जावयाचा जीव भांड्यात पडला.

सासरे मात्र उठेनात. लेक आत गेल्यावर हळूच म्हणाले, "रात्रभर वाटत होतं, डोकं चालेनासं झालं की काय. नजरेचंच असेल ना हो? जरा तपासा."

जावयाने तपासलं. सासऱ्यांनी शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. नंबर तसूभर हलला नव्हता.

"वाढलाय थोडा," जावई म्हणाला आणि जुन्याच नंबरच्या काचा नव्या फ्रेममध्ये बसवायला घेतल्या.

"तरीच," म्हणून सासऱ्यांनी पट पुन्हा मांडायला सुरुवात केली.