उच्चार निश्चिती समितीचं कार्य

माणूस कुठं जातो यापेक्षा, तो जिथं जातो त्या ठिकाणाचं नाव महत्त्वाचं असतं. कारण जाणारा एकटा जातो. नाव मात्र मागं राहिलेल्या सगळ्यांना घ्यावं लागतं. हे सत्य मोठमोठ्या शहरांच्या अजून लक्षात आलेलं नाही. चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या ते वेळीच लक्षात आलं, याचा मला अभिमान आहे.

झालं असं, की आमच्या बजरंगच्या ऋतुजाला नेदरलँडमधल्या एका शेतीच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. सोयाबीनवरच्या रोगाचा अभ्यास करणारी ती गावातली पहिलीच. (बाकीचे रोग नुसता बघतात.) एक सप्टेंबरला तिथं हजर व्हायचं होतं. साहजिकच सत्कार ठरला. सत्कार म्हटला की फ्लेक्स आला, आणि फ्लेक्स म्हटला की शहराचं नाव आलं. इंग्रजीत ते नाव दहा अक्षरी निघालं. त्यात जी दोनदा, ई दोनदा आणि एन तीनदा होता. एवढे एन एकाच शहराला कशाला लागतात, यावर पारावर बरीच चर्चा झाली.

फ्लेक्सवाल्यानं फोनवर विचारलं, "मराठीत काय टाकू?" त्याच संध्याकाळी उच्चार निश्चिती समिती स्थापन झाली. अध्यक्ष माजी सरपंच शेषेराव. सचिव मी. (चष्मा माझ्याकडं आहे.)

पहिल्याच बैठकीत ऋतुजा आपणहून येऊन सांगून गेली. "वाखेनिंगन म्हणतात काका. तिथल्या मॅडमशी मी फोनवर बोलले ना!" यातला ख तिनं घशातून काढला.

समितीनं तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि फेटाळलं. एकतर ती स्वतः लाभार्थी. लाभार्थ्याला निर्णयप्रक्रियेत घेता येत नाही. दुसरं कारण अध्यक्षांनी दिलं. "आपल्याला तिकडच्या भाषेत न्हाई, इंग्लिशमध्ये म्हणायचंय. असं घसा खाकरून म्हणलं तर पाहुण्याला वाटंल, थुंकायलेत." ऋतुजाला काढा घेण्याची शिफारस करण्यात आली.

आता इंग्रज काय म्हणतो, हे पाहणं आलं. चाकूर तालुक्यात सध्या इंग्रज राहत नाहीत. मोबाइलमधल्या बाईला विचारलं, तर तिनं शेषेरावांच्या मोबाइलवर एक सांगितलं आणि माझ्या मोबाइलवर दुसरं. शिवाय ती गावची रहिवासी नाही. म्हणून लातूरला इंग्रजी संभाषणाचा क्लास चालवणाऱ्या सत्यम सरांना गाठलं. ते ठामपणे म्हणाले, "वॅगनिंजन." लातूरच्या क्लासवाल्यानं ठामपणे सांगितलं म्हणजे ते परीक्षेत येणारच, असं समजून आम्ही उठणार होतो. तेवढ्यात शेषेरावांचे नांदेडचे साडू, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, यांचा फोन आला. ते म्हणाले, "वेजेनिंगन."

महसूल आयुक्तालय लातूरला की नांदेडला, एवढा एकच वाद दोघांत आजवर होता. आमच्या गावानं त्यात भर घातली.

ऋतुजा पुन्हा आली. "काका, फ्लेक्सवर नुसतं नेदरलँड टाका ना."

"नुसतं नेदरलँड?" शेषेरावांना वाईट वाटलं. "पोरी, नेदरलँडला तर शिरूर अनंतपाळच्या एकाचा मेव्हणा बी जाऊन आलाय."

मग समितीनं पद्धतशीर काम हाती घेतलं. दोन्ही उच्चार सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवून म्हणून पाहण्यात आले. तंबाखू तोंडात असताना कोणता उच्चार टिकतो, याची स्वतंत्र चाचणी झाली. (वेजेनिंगन टिकत नाही; सदऱ्यावर डाग पडतात.) नांदेडला शिष्टमंडळ गेलं, लातूरला गेलं, आणि दोन्हीकडं चहा चांगला मिळाला म्हणून पुन्हा गेलं. अशानं ऑगस्ट सरत आला.

विमान हैदराबादहून एकोणतीस तारखेला होतं. आदल्या दिवशी मी बजरंगच्या घरी समितीचा प्रगती अहवाल द्यायला गेलो. ऋतुजा बॅग भरून बसली होती.

"पप्पा, सत्कार माघारी आल्यावर घ्या की. मला आज निघू द्या."

बजरंग म्हणाला, "बाई, सगळं गाव तुझ्यासाठी जिवाचं रान करायलंय. अन् आपण शाल न घेता निघून जायचं? तू जाशील तिकडं. मला तर हितंच राह्यचंय."

"मग एवढी शिकवली कशाला पोरीला?" आतून सिंधुबाई, म्हणजे ऋतुजाची आई, म्हणाली. मला खरंच गलबलून आलं. मी तडक उठलो आणि पुढची बैठक लावली.

एकोणतीसला दुपारी विमान गेलं, तेही वेळेवर. (या कंपन्या ग्रामीण भागातल्या कार्यक्रमांची दखलच घेत नाहीत.) ऋतुजा दारातच बसून होती.

पाच सप्टेंबरला सत्कार झाला. लातूरचं पुढचं आणि नांदेडचं मागचं घेऊन 'वॅगनिंगन' असा तोडगा निघाला होता. फ्लेक्स वीस फुटी. साऱ्या गावानं उभं राहून ते नाव एका सुरात तीनदा घेतलं. समितीच्या पाहणीनुसार आज गावातल्या ऐंशी टक्के लोकांना हा उच्चार निर्दोष येतो. उरलेल्या वीस टक्क्यांना दात नाहीत. ऋतुजाला शाल दिली, नारळ दिला आणि शहराचं नाव घेण्याचा आग्रह केला. तिनं माइक हातात धरला आणि काहीच बोलली नाही. तिला उच्चार अद्याप जमत नसल्याची नोंद आम्ही नाइलाजानं घेतली.

पुढं तिनं विद्यापीठाला मेल केला. उत्तर आलं. त्यात शहराचं नाव तीनदा होतं. समितीनं तिन्ही ठिकाणी मोठ्यानं वाचून पाहिलं, बरोबर आलं. बाकीचा मजकूर समितीच्या कक्षेत येत नाही.

ही हकिगत मी लातुरात आणि नांदेडात बऱ्याच शिकलेल्या लोकांना सांगितली. ऐकून झाल्यावर प्रत्येकानं एकच विचारलं, "ते ठीक, पण खरा उच्चार कोणता?" तुम्हीही मघापासून ओठ हलवून सगळे उच्चार म्हणून पाहताय, नाही म्हणू नका. समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. त्या मेलमध्ये पोरीला काय कळवलं होतं, हे ज्यानं अजून विचारलेलं नाही, त्यालाच ती द्यायची असा नियम आहे. तुमचं नाव मी घालून टाकलंय.