आप्पाटोसिस

हौसराव आप्पा आदल्या दिवशी शिरूरला रक्त तपासायला देऊन आले, तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. रिपोर्ट नातीच्या, तेजश्रीच्या मोबाइलवर यायचा होता. ती पुण्यात पेशींवर पीएचडी करत होती. सुट्टीला आली होती, पण तिचा फोन काही सुट्टीवर नव्हता.

सकाळी ती पडवीत मैत्रिणीशी बोलू लागली आणि आप्पा दाराआड उभे राहिले.

"रिपोर्ट बघितला गं. अ‍ॅपॉप्टोसिसच आहे. आतली चरबी बाहेरच्या बाजूला आली ना? मग संपलं. ती काय परत आत जात नाही. आता बाकीच्या येऊन खाऊन टाकतील."

आप्पांना ऐकू आलं, आप्पाटोसिस! रोगाला थेट आपलंच नाव, म्हणजे तालुक्यातले पहिले पेशंट आपणच. आणि खायला येणाऱ्या 'बाकीच्या' कोण, तेही त्यांनी ओळखलं. दोन्ही सुना.

"तेजे, किती येळ लागतो गं ह्याला?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"सहा-आठ तास, आप्पा," ती फोनवर हात ठेवून म्हणाली आणि पुन्हा बोलू लागली.

आप्पांनी घरात जाऊन दौंडचा नंबर लावला. थोरल्या बहिणीशी, दगडाबाईशी, अकरा वर्षं बोलणं नव्हतं. वडिलांचा पितळी पानाचा डबा तूच नेलास, असं आप्पा तिला भर पंगतीत बोलले होते.

"आक्का, मी चाललो. डबा माझ्यापाशीच हाय. तू गेल्यावर म्हैन्यानं कणगीत घावला. तोंड न्हवतं मला सांगायला."

पलीकडून फोन कट झाला.

तासाभराने तेजश्री हसत आत आली. "आप्पा, तुमचा रिपोर्ट आत्ता आला. चरबी जरा वाढलीय. तूप कमी करा, बाकी ठणठणीत."

"मग ते आप्पाटोसिस?"

तिने कपाळावर हात मारला. "ते आमच्या प्रयोगातल्या पेशींचं! पेशीचं मरायचं ठरलं की तिच्या पापुद्र्यातली आतली चरबी बाहेर येते. मला खा, अशी खूणच ती. मग दुसऱ्या पेशी तिला गुपचूप खाऊन टाकतात. अंगाला पत्ता लागत नाही."

आप्पांना आनंद झाला. तो जेमतेम घोटभर पाण्याइतका टिकला, कारण दारात रिक्षा थांबली. दगडाबाई उतरल्या, त्यांनी पदर खोचला आणि धडधाकट भावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"न्हाई मरत व्हय?"

"न्हाई, आक्का. घोटाळा झाला."

"बरं झालं. मेला असतास तर अकरा वर्सांचं मी कुणाला ऐकवलं असतं? डबा आण."

डबा आला. दगडाबाईंनी मांडी घातली, पान लावलं आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. तिसऱ्या वर्षाला आप्पांनी नातीकडे केविलवाणं पाहिलं.

"तेजे, बाहेर आलेलं परत आत घालता येत न्हाई का गं?"

"नाही, आप्पा," तेजश्री म्हणाली. "आता फक्त खाल्लं जायचं."