फ्लेक्ससमोरचे आबा

कुरुळीतल्या स्वराजच्या घरी चौघांचे फोन एकाच आठवड्यात फोटोंनी भरले. स्वराज चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता, म्हणजे हात स्वस्थ बसणारा नव्हे. त्यानं एक जुना कॉम्प्युटर पैदा केला, त्यात दोन मोठ्या डिस्क बसवल्या, फोटो सांभाळणारं एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं आणि सगळं टीव्हीखाली मांडलं. "आपल्या आईचे फोटो परक्या कंपनीकडं कशाला? आपल्या घरात ठेवायचे," असं जाहीर करून त्यानं सगळे फोटो त्यात उतरवले आणि त्याच दमात चौघांचे फोन रिकामेही करून टाकले. उत्साह म्हणजे उत्साह!

घाईला कारण होतं. रविवारी त्याच्या वडिलांची, सावळारामआबांची एकसष्टी होती आणि अंगणात पडदा लावून आबांचे फोटो दाखवायचं ठरलं होतं. आबा मात्र आधीच फुगून बसले होते.

"माझा फोटू हाय कुठं घरात? फोटू काढायची येळ झाली की मला दूध आणाया धाडता. उद्या मेलो, तर हार घालाया फोटू घावायचा न्हाई."

"ढिगानं निघतील आबा, बघाच तुम्ही," स्वराज म्हणाला.

ते सॉफ्टवेअर चेहरे ओळखून एकेका माणसाचे फोटो आपणहून एकत्र लावत होतं. ज्याचे फोटो जास्त, तो सगळ्यात वर. स्वराज आणि त्याची बायको पुनम मोठ्या कौतुकानं बघायला बसले. सगळ्यात वर आले हिंदुराव.

"अगं बाई! हे कधी आले आपल्या घरात?" पुनम किंचाळली.

हिंदुराव हे गावचे भावी सरपंच. गेल्या तीन निवडणुका ते भावीच होते. त्यांचा फ्लेक्स नेमका स्वराजच्या दारासमोरच्या खांबांवर असायचा आणि घरातले झाडून सगळे फोटो अंगणातच निघायचे. लेकीचा शाळेचा पहिला दिवस, मागं हिंदुराव हात जोडून. नव्या गाडीची पूजा, बॉनेटच्या वर हिंदुराव. पुनमच्या डोहाळजेवणात तर झोपाळ्यावर पुनम आणि तिच्या डोक्यावर गॉगलवाले हिंदुराव. आबा सापडले ते पार खाली, मोजकेच आणि बहुतेक डोळे मिटलेले.

"आधी यांना काढा बाई. माझ्या डोहाळजेवणात यांचं काय काम?"

स्वराजला वाटलं, नुसता चेहरा निघेल. त्यानं हिंदुरावांचा अख्खा ढीग निवडला. सॉफ्टवेअर बिचारं शहाणं, त्यानं विचारलं, कायमचे काढायचे का? "कायमचे!" म्हणत स्वराजनं बटण दाबलं. गावानं तीन निवडणुकांत जे केलं, ते त्यानं एका बोटानं केलं.

टीव्हीचा पडदा एकदम मोकळा दिसायला लागला. शाळेचा पहिला दिवस नाही, गाडी नाही, डोहाळजेवण नाही. आबांचा एकच फोटो उरला होता, आधार कार्डाचा.

"अहो, दोन डिस्क आहेत ना? एकीतलं गेलं तर दुसरीत असतं म्हणाला होतात!"

"एक बिघडली तर! पहिलीतून काढलं की दुसरीतूनही जातं. ती पहिलीचं ऐकते."

"बरंय, या घरात कोणीतरी कोणाचं ऐकतं."

आरडाओरडा ऐकून स्वराजची आई पुतळाबाई भाकरी टाकून बाहेर आल्या. झाला प्रकार ऐकून त्या खालीच बसल्या. "आरं, ते समद्या भावकीला सांगून आलेत, माझा पिच्चर हाय म्हणून. रोज मला इचारत्यात, किती फोटू घावलं गं? आता त्यांना काय सांगू मी?" त्यांचे डोळे भरून आले. स्वराजला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग पुतळाबाईच डोळे पुसून म्हणाल्या, "आपल्या दाराचं फोटू आपल्यापरीस जास्त कुणाकडं असत्याल, तर त्या हिंदुरावाकडं. दर सणाला नवा फ्लेक्स लावतोय आन् म्होरं हुभा ऱ्हाऊन फोटू काढतोय."

स्वराज पडेल चेहऱ्यानं हिंदुरावांकडं गेला. तुम्हाला कायमचं काढलंय, हे तोंडावर सांगणार कसं? "भाऊ, तुमच्या फ्लेक्सचे फोटो मिळतील का? सगळेच हवेत."

हिंदुराव गहिवरले. असं आजवर कोणी मागितलं नव्हतं. पण पुढच्याच क्षणी त्यांनी फोन काढला आणि त्यांचा बांध फुटला.

"आरं, देतो की! पर एकबी फोटू धड न्हाई. वर सायबांना पाठवायला म्हणून काढतो आन् दर टायमाला तुजा बाप मधी! ह्यो बघ पाडवा, गुढी घिऊन हुभा. ही दिवाळी, नातीला भुईचक्कर लावून देतोय. हितं बघ, खुर्चीत घोरतोय. हितं तर तुज्या आईला गजरा देतोय, आन् मी मागं हात जोडून! सायब इचारत्यात, ह्यो उमेदवार कोन हाय?"

स्वराजनं त्यांचे दोन्ही हात धरले. "भाऊ, एकही गाळू नका. सगळे द्या."

रविवारी पडदा लागला आणि आबाच आबा दिसायला लागले. नातीचं दप्तर खांद्यावर टाकलेले, लाईटवाल्याशी भांडणारे, शेंगा वाळत घालणारे. भावकी हसून हसून बेजार झाली. पहिल्या रांगेत बसलेले हिंदुराव प्रत्येक फोटोला टाळ्या वाजवत होते, कारण प्रत्येक फोटोत ते होतेच. गजऱ्याचा फोटो आला, तशी पुतळाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या खुशाल रडल्या. आबा पडद्याजवळ जाऊन बघत राहिले. "येवढं फोटू? आन् मला पत्त्याच न्हाई!" एवढंच ते म्हणाले.

पुढच्या सणाला खांबांवर नवा फ्लेक्स चढला. आबा अंगणात शेंगा निवडत बसले होते. हिंदुराव फोन काढून दाराजवळ उभे राहिले आणि काकुळतीनं म्हणाले, "आबा, येवढ्या बारीला जरा बाजूला व्हा. सायबांना पाठवायचाय."

आबा लगेच उठून आत गेले. हिंदुरावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि फोन नीट धरला. तेवढ्यात आतून आबांचा आवाज आला, "अगं ए, भाकरी ऱ्हाऊ दे तशीच! चल भाईर लवकर, हिंदुराव आलाय आपला फोटू काढाया!"